मिरीचा डावा पाय

६ फेब्रुवारी

पहाटे मिरी पडली. चौथ्या मजल्यावरून.

रंगकामासाठी सगळ्या इमारतीच्या जाळ्या उतरवल्यात. कबुतरामागे ती परांचीच्या बांबूवर गेली.

परांचीवर काम करणारा एक मुलगा खाली पार्किंगमध्येच झोपतो. त्याला दिसली. स्कूटरींच्या मागे, भिंतीला चिकटून. त्याने स्वतःचा गमछा जमिनीवर अंथरला. तिला उचललं नाही, पाठीकडून हळूहळू सरकवत त्यावर घेतलं. डावा मागचा पाय भलत्याच दिशेला. तोंड उघडं, श्वास तोंडाने. शांत पडलेलं मांजर तोंडाने श्वास घेत नाही.

पुठ्ठ्याचं खोकं. रिक्षा. तीन हात नाक्याचा सिग्नल संपेना.

रात्री

डॉक्टरांनी पायाकडे आधी पाहिलंच नाही. ऑक्सिजन लावला, हिरड्यांचा रंग पाहिला. मी पाय, पाय करत होते. त्या म्हणाल्या, "पायाने मांजर जात नाही, ताई. छातीने जातं."

छातीचा एक्स-रे. फुप्फुसाभोवती थोडी हवा, फुप्फुसाला मार. सोनोग्राफीत मूत्राशय शाबूत. टाळूला बारीक चीर. हनुवटी सोललेली. मग शेवटी पाय. मांडीचं हाड मधोमध, तिरकं तुटलेलं.

आज तिथेच ठेवलंय.

७ फेब्रुवारी

श्वास मिनिटाला ४४. काल सत्तरच्या वर होता. तिशीच्या आत आला की ऑपरेशनचं बोलू, असं डॉक्टर म्हणतात. तोवर भूल नाही. तोवर फक्त ऑक्सिजन आणि वेदनेचं इंजेक्शन.

पायाला काहीच बांधलेलं नाही. राहवेना, विचारलं. त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. मोडीच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरले तरच प्लास्टर कामाचं. मांडीच्या वर खुबा. मांजराचा खुबा प्लास्टरमध्ये धरता येत नाही. अर्धवट बांधलं तर पट्टीचं वजन नेमकं मोडलेल्या जागी ओढ देतं. नडगी असती तर बांधलं असतं.

संध्याकाळी आईने विचारलं, "मांडीचंच?"

हो म्हटलं. ती परत टीव्हीकडे बघायला लागली. टीव्ही बंद होता.

७ फेब्रुवारी, उशिरा

झोप नाही. वाचत बसले. उंचावरून पडणाऱ्या मांजरांचा न्यूयॉर्कमध्ये अभ्यास झाला होता. १९८४ सालातले पाच महिने, एकाच रुग्णालयात आलेली १३२ मांजरं. १९८७ साली छापला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. छाती, टाळू, पाय, हेच तिन्ही पुन्हा पुन्हा. मिरीला तिन्ही.

पण जी जागीच गेली त्यांना कुणी रुग्णालयात नेलं नसणार. ती या ९० टक्क्यांच्या हिशेबात नाहीत. "मांजर पडलं तरी पायावर पडतं" असं सकाळपासून सगळे सांगताहेत. पायावर पडतं म्हणूनच पाय मोडतो.

८ फेब्रुवारी

शेजारच्या काकू क्रोसिनची पट्टी घेऊन आल्या. "अर्धी पाठव, लहान मुलांना देतो तशी." घेतली नाही. मांजराच्या यकृताला पॅरासिटॅमॉल पचवता येत नाही. रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेत नाही. एका गोळीने मांजर जाऊ शकतं. हे काकूंना सांगितलं. "अगं बाई," म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मग पट्टी मुठीत धरून गेल्या.

आई: "आमच्या परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. तिथे ने." तिचं माहेर तिथलं. बाई साकरबाईंच्या नावाचं ते इस्पितळ आणि शेजारचं व्हेटर्नरी कॉलेज, १८८६ सालापासूनचं. लहानपणी कुंपणापाशी उभं राहून व्हिक्टोरियाचे लंगडे घोडे बघायचो, असं सांगत होती. बँकेतल्या मैत्रिणीने महालक्ष्मीचं टाटांचं नवं इस्पितळ सुचवलं, २०२४ साली सुरू झालेलं. या छातीने ठाण्याहून तिला हलवायचं नाही, असं डॉक्टरांचं मत. सर्जन इथेच येतील.

दादाचा फोन. स्पीकरवर होता. "मांजरावर अडतीस हजार? तीन पाय पुरतात त्यांना. नाहीतर झोपवून टाक, तिचेही हाल नकोत." आत पलंग करकरला.

तीन पाय पुरतात, हे खरं आहे. डॉक्टरांनीही तो मार्ग समोर ठेवला होता. हाडाचा चुरा झाला असेल, पायाची जाणीव गेली असेल, पैसा उभा राहत नसेल, तर पाय काढणं यात क्रूरपणा नाही. मांजर थोड्याच दिवसांत तीन पायांवर पळायला शिकतं. पण मिरीच्या पंजाला चिमटा घेतला की ती पाय ओढते आणि मान वळवून बघते. जाणीव आहे. हाडाचे दोनच तुकडे आहेत. जोडता येतं ते तोडायचं नाही.

९ फेब्रुवारी

श्वास २८.

आईने पोस्टाचं पासबुक काढून माझ्या पर्सवर ठेवलं. बोलली नाही.

१० फेब्रुवारी

ऑपरेशन दुपारी. बाहेर बसले.

शेजारी कॉलेजातला एक मुलगा, मांडीवर टोपली. टोपलीत चारेक महिन्यांचं पिवळं पिल्लू. सोफ्यावरून उतरलं आणि पाय मोडला. सोफ्यावरून! त्याचा एक्स-रे काचेला लावलेला होता. हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, इतकं फिकट. तो म्हणाला, "मी तर तिला रोज चिकन देत होतो. बोनलेस, उकडून. सगळ्यात चांगलं." डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाही. वाढतं शरीर मग हाडातूनच कॅल्शियम काढून घेतं. अशा हाडात सळई टिकत नाही. पिंजरा, विश्रांती, पिल्लांचं पूर्ण खाद्य. भरून येईल. तो मान खाली घालून टोपलीत बोट फिरवत राहिला. पिल्लू त्याचं बोट चाटत होतं.

त्याला कुणी आधी सांगायला हवं होतं. पिल्लू घरी आणणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

सहा वाजता आत बोलावलं. झालं. हाडाच्या पोकळीतून सळई, मोडीवर तारेचे दोन वळसे. सळईचं वरचं टोक खुब्यापाशी कातडीखाली. सर्जन म्हणाले, तिथून जवळच मोठी नस जाते, ती सांभाळली आहे. पंजा उलटा टेकवायला लागली तर लगेच कळवा.

कंबरेपासून पंजापर्यंत भादरलेला पाय. तिचा पाय इतका बारीक आहे हे इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. टाके निळे.

११ फेब्रुवारी

लघवी झाली. तिथल्या कंपाउंडरने स्वतःहून फोन करून सांगितलं. देव त्याचं भलं करो.

१२ फेब्रुवारी

घरी.

पिंजरा मिळाला, पलीकडच्या सोसायटीतल्या आजींकडून. त्यांचा कुत्रा गेला. मिरी लांब होऊन झोपू शकेल, उभी राहू शकेल, एका कोपऱ्यात तबक राहील, एवढा. उडी मारता येणार नाही, एवढाच. तबकात नेहमीची माती नाही, वर्तमानपत्राच्या पट्ट्या. मातीचे कण टाक्यांत जातात. तबकाची पुढची कड कापून बुटकी केली.

सहा आठवडे. निदान. गळ्यात कोन, टाके चाटू नयेत म्हणून.

औषध: मेलॉक्सिकॅम, सुईशिवायच्या सिरिंजने, जेवणावरच, मोजक्या दिवसांपुरतं. जेवण सुटलं किंवा उलटी झाली तर बंद करून फोन. मूत्रपिंडावर येतं.

आईने खुर्ची पिंजऱ्यापाशी ओढायला सांगितली.

१३ फेब्रुवारी

खात नाही.

१४ फेब्रुवारी

खात नाही. औषध थांबवलं, फोन केला. मांजराने दोनतीन दिवस उपास केला की यकृतात चरबी साठायला लागते. मांजराचा उपास म्हणजे नवा आजार. उद्यापर्यंत नाही खाल्लं तर नाकातून नळी.

दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता, माँट्रियलच्या विद्यापीठात २०१९ साली तयार केलेला. मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायचा. त्याचा फोटो काढून आणला आहे. मिरी ओरडत नाही, कण्हत नाही. त्यामुळे हेच बघायचं.

रात्री ११. कान: बाहेरच्या बाजूला वळलेले. डोळे: अर्धे मिटलेले. नाकाडं: ताणलेलं. मिशा: ताठ, पुढे. डोकं: खांद्यांच्या खाली.

पाचही.

१५ फेब्रुवारी

सकाळी दवाखान्यात नेऊन वेदनेचं दुसरं इंजेक्शन. "दुखतं म्हणून खात नाही, आणि आपण म्हणतो नखरे करते," डॉक्टर म्हणाल्या.

बाजारातून ताजे बोंबील. नुसत्या पाण्यात उकडले, मीठ नाही, लसूण नाही. लसूण-कांदा मांजराला विष. काटा काढून कोमट असतानाच बोटावर. हुंगलं. तोंड फिरवलं. परत हुंगलं.

कोन काढला. कोनाची कड ताटलीला लागत होती. जेवताना काढायचा, समोर बसून.

खाल्लं! सुपारीएवढं. मग आणखी.

आई खुर्चीवरून: "अजून घाल. अजून घाल तिला."

रात्री कान सरळ. डोळे अजून तसेच.

१८ फेब्रुवारी

टाके बघायला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी गुडघ्याला जेल लावतं का? आई लावते. रोज रात्री. आणि मिरी वर्षानुवर्षं तिच्या गुडघ्यापाशीच झोपते.

दुखण्यावरची असली मलमं चाटून मांजरं गेलेली आहेत. मूत्रपिंडं बंद पडतात. आईच्या ट्यूबवर वाचलं, डायक्लोफिनॅक. गुरांना हेच देत होते, मेलेली गुरं खाऊन गिधाडं जवळपास संपली. २००६ साली जनावरांसाठी बंदी आली. माणसांसाठी आहेच.

आईला सांगितलं. तिने ट्यूब माझ्या हातात दिली. "कपाटात वर ठेव. मी शेकून घेईन."

२० फेब्रुवारी

परांचीवरचा मुलगा खिडकीतून: "बिल्ली कैसी है?" रोज विचारतो. आज खिडकीच्या दांडीवर बसून सांगत होता, गावाकडे त्यांच्या बकरीचा पाय मोडला होता, बापाने बांबूच्या खपच्या बांधल्या, महिन्याभरात चालायला लागली. कुठे मोडला होता विचारलं. त्याने आपल्या घोट्याच्या वर हात लावून दाखवला. म्हणजे नडगी. वरचा खालचा दोन्ही सांधे खपचीत येतात. त्याच्या बापाला कुणी शिकवलं नव्हतं, पण बांधलं ते बरोबर.

त्याला चहा दिला.

२२ फेब्रुवारी

टाके निघाले. कोनही गेला. पहिला अर्धा तास तिने फक्त स्वतःला चाटलं. पाठ, पोट, शेपूट. भादरलेला पाय शेवटी.

चाटायला लागली म्हणजे बरं वाटतंय. तक्त्यात हे नाही, मी माझं लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी

व्यायाम सुरू. मांडीचं हाड मोडलं की पुढचा स्नायू त्या जागी चिकटतो आणि गुडघा वाकेनासा होतो. हाड जुळतं आणि पाय काठी होतो. मग कितीही ऑपरेशनं केली तरी पूर्ण येत नाही. म्हणून दिवसातून तीनदा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने पंजा, आणि गुडघा हळूच वाकवायचा, सोडायचा. दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं.

कुठे थांबायचं ते तिची शेपूट सांगते. टोक हललं की बस.

आई बघत होती. थोड्या वेळाने पलंगावर आडवी झाली आणि टाच गादीवरून घासत पाय जवळ घ्यायला लागली, फिजिओच्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी शिकवला होता तो व्यायाम. किती महिने सुटला होता. मी काही म्हटलं नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आईचा उपास, मिरीचा नाही.

२ मार्च

खुब्यावर फुगवटा. सळईच्या टोकापाशीच. लिंबाएवढा, मऊ. हात लावू दिला, दुखत नसावं.

रविवार. दवाखाना संध्याकाळी उघडेल. तोवर काय काय डोक्यात येतं. सळई सरकली असेल. वर येऊन कातडीतून बाहेर निघेल. खाली गुडघ्यात गेली असेल. नस.

पंजा बघितला. सरळ टेकवते आहे. परत बघितला.

रात्री

सळई जागेवर. टोकाला कातडी घासून पाणी साठलंय. सुईने काढायचं नाही, जंतू आत जातील. हालचाल कमी, आपोआप जिरेल. हालचाल कमी! पिंजऱ्यातच तर आहे. पण मिरी दाराशी उभी राहून पुढच्या पायांनी गज ओढते, तेव्हा सगळा भार मागे येतो. दारावर आतून पुठ्ठा लावला. बाहेरचं दिसलं नाही की ओढत नाही.

५ मार्च

फुगवटा तेवढाच.

८ मार्च

रात्री ओरडते. दोन ते चार. वेदनेचं नाही, तक्ता लावून बघितला, कान सरळ, डोळे मोठे. बाहेर यायचंय.

सळई बसवायला दीड तास लागला. त्यानंतरचे सहा आठवडे हाच खरा उपचार, आणि तो कुणी डॉक्टर करत नाही. तिला वाटतं पाय बरा झाला. दुखत नाही म्हणजे झालं. आणि हाड अजून कच्चं. याच दिवसांत लोक दार उघडतात, मांजर कपाटावर उडी मारतं, सळई वाकते, परत पहिल्यापासून. डॉक्टरांनी सांगितलेली निम्मी बिघडलेली ऑपरेशनं या "आता बरी आहे की"ची.

मी कठोर आहे असं तिला वाटत असेल. वाटू दे.

९ मार्च

आईने रात्री खुर्ची पिंजऱ्याला लावली आणि गजांतून हात आत ठेवून बसली. मी जागी होते. ती मिरीशी बोलत होती.

"मलापण असंच ठेवलं होतं गं. उठू देत नव्हते."

मग बराच वेळ काही नाही. मग: "तेव्हापण तो असंच म्हणाला होता. या वयात कशाला. त्याला वाटलं मी झोपलेय."

मी कूस बदलली नाही.

१३ मार्च

होळी. खाली ढोल, फटाके. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली, पंखा मोठा केला. आत भिंतीला चिकटून बसली, पण धडपडली नाही. पुरणपोळीचा वास सगळ्या जिन्यात.

फुगवटा उतरतोय. आता बोराएवढा.

१७ मार्च

शेजारच्या काकूंनी कॅल्शियमच्या गोळ्या, दूध आणि अंड्याच्या कवचाची पूड सुचवली. त्या आता आधी विचारतात, मग देतात. डॉक्टरांना फोन केला: मोठं मांजर, पूर्ण खाद्य खातं, वरून काही नको. दुधाने बऱ्याच मांजरांना जुलाब होतात. काकूंना तसं सांगितलं. मग त्या बोंबील घेऊन आल्या. साफ केलेले, काटा काढलेले.

२४ मार्च

एक्स-रे.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. फेब्रुवारीतली, मधे काळी रेघ. आजची, रेघेभोवती दोन्हीकडून कापसाचा बोळा ठेवल्यासारखं पांढुरकं, धूसर. तेच नवं हाड. आधी तिथे रक्त साकळतं, मग कूर्चा, मग हे. पुढे शरीरच तासून तासून त्याला जुन्या आकारावर आणतं, त्याला महिने लागतात.

मी फिल्मवर बोट ठेवून विचारलं, हे तिने स्वतः केलं? "सळईने फक्त धरून ठेवलं," डॉक्टर म्हणाल्या.

गुडघा पूर्ण वाकतो. वजन ३.२ किलो, दोनशे ग्रॅम कमी. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक.

आता दिवसातून थोडा वेळ पिंजऱ्याबाहेर, एका खोलीत, सगळं उंच सामान काढून. बाकी वेळ आत. अजून चार आठवडे.

घरी येऊन आईला फिल्म दाखवली, खिडकीला धरून. तिने विचारलं, "माझी आहे का कुठे?" कपाटातून तिची काढली. दोन्ही काचेवर धरल्या. उजेड संपेपर्यंत बघत बसलो.

३० मार्च

पाडवा. बैठकीतली खुर्ची, स्टूल, टीपॉय सगळं पॅसेजमध्ये. पाहुणे उभ्यानेच भेटून गेले. मिरी चटईवर चालली. चार पावलांपैकी डावं मागचं जेमतेम टेकतं, पण टेकतं. उभी राहिली की उचलून धरते.

दादा आला होता. "चालते की," म्हणाला. आई आत निघून गेली. तो थोडा वेळ चटईवर बसला. मिरी त्याच्याजवळ गेली नाही. जाताना त्याने टेबलावर पाकीट ठेवलं. आईला दाखवलं. "तुझ्याकडे असू दे," एवढंच.

६ एप्रिल

उन्हाळा. घरभर केस. भादरलेल्या जागी नवे केस आलेत, रंग आधीपेक्षा गडद. तिथे तिला हात लावलेला आवडतो.

व्यायाम आता वेगळा. बोंबलाचा तुकडा पुढे धरायचा आणि उशांवरून चालायला लावायचं. उशी दबते, पाय टेकवावाच लागतो. आई उशा मांडते. हल्ली आधी स्वतः चालून बघते, कुठून कुठवर ते.

११ एप्रिल

धावली. दारापासून पिंजऱ्यापर्यंत. अजून धावायचं नव्हतं! पण चारही पायांवर.

२२ एप्रिल

एक्स-रे. काळी रेघ कुठे होती ते शोधावं लागतं. सळई काढायला हरकत नाही. तारा तशाच राहतील, त्या त्रास देत नाहीत.

२६ एप्रिल

सळई निघाली. थोडीशीच भूल, दोन टाके. संध्याकाळी घरी.

डॉक्टरांनी सळई छोट्या पिशवीत घालून दिली. आईने हातावर ठेवून वजन बघितलं. पुढच्या महिन्यात तिची तपासणी आहे, तिने आधीच ठरवलंय काय विचारायचं: "तिची काढली, माझी का नाही काढत?" या वयात बहुधा तशीच ठेवतात, मी म्हटलं. "मी विचारणार," ती म्हणाली.

१ मे

सुट्टी. मिरी आईच्या पलंगावर चढली. उडी नाही, चादर धरून. गुडघ्यापाशी जाऊन झोपली. आई आता फक्त शेकते.

पिंजऱ्याचं दार उघडंच असतं, तरी दुपारी आत जाऊन पडते. कुणी सांगत नाही.

७ मे

कंपाउंडरचा फोन. रिक्षा चालवणाऱ्या एकाचं मांजर, मोटरसायकलखाली आलं, नडगी, प्लास्टर घातलंय. घर एका खोलीचं, माणसं सहा. पिंजरा आहे का मोकळा?

आई म्हणाली, मिरी झोपते त्यात. मग म्हणाली, दे.

मिरीला जुन्या सुटकेसचं झाकण उलटं करून दिलं. हुंगून निघून गेली. बघू.

८ मे

पिंजरा धुतला, गच्चीवर उन्हात ठेवला. सकाळी तो माणूस न्यायला येईल. त्याला सांगायचं: प्लास्टर ओलं होऊ द्यायचं नाही, पंज्याची बोटं रोज बघायची, सुजली किंवा गार लागली तर त्याच दिवशी दवाखाना. आतून वास आला तरी. दाराची खालची कडी सैल आहे, ती नाड्याने बांधायची, मांजर पंजाने उघडतं. नाडा पिंजऱ्यातच ठेवलाय. तबक नको म्हणाला तरी द्यायचं, कापलेल्या कडेचं सगळीकडे मिळत नाही.